लिंबावरचा माळा

‘माळा’ हा शब्द आपल्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या मनात निराळे चित्र उभे करील. मुंबईकरांच्या लेखी माळा म्हणजे इमारतीचा मजला. पत्ता सांगताना ते ‘तिसरा माळा’ असे सहज बोलून जातात. कोकणपट्टीतील जुन्या घरांतून माळा म्हणजे छपराखालची अडगळीची जागा. मराठवाड्यात मात्र माळा शिवारात असतो. जोंधळ्याच्या उभ्या पिकात चार मेढी रोवाव्यात, त्यांवर आडवी लाकडे टाकून दोरखंडाने आवळावीत, वर तुराट्या पसराव्यात आणि पहाटेपासून तिथे बसून गोफणीने पाखरे उडवावीत, यासाठी केलेली ही उंच जागा. दूरवर कणसांच्या पिवळसर समुद्रात एखादी होडी अडकून राहावी तसा तो दिसे. ‘दिसे’ असे आम्ही भूतकाळात लिहितो, कारण आता तो फारसा दिसत नाही. तरीही गेल्या नाताळानंतरच्या आठवड्यात असा एक माळा उभारला जाताना आम्ही पाहिला. तो शेतात नव्हता, घराच्या परसात होता. आणि राखणीसाठी नव्हता, एका नऊ वर्षांच्या मुलाच्या खेळासाठी होता.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, त्यांचे घर परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे आहे. गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव महाराष्ट्राला संत जनाबाईंमुळे ठाऊक आहे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही स्त्री मूळची इथली, आणि तिच्या नावाचे समाधिमंदिर आजही इथे आहे. दुसऱ्याच्या घरचे काम करीत जगलेल्या एका बाईमुळे गावाला मोठेपण यावे, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे. आपल्या समाजाची घरे इकडे विरळ. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली. मराठवाड्याच्या या विस्तीर्ण मुलखात अजूनही पुष्कळ कुटुंबांना मिस्सेसाठी दूरचा प्रवास करावा लागतो. म्हणून नाताळची गडबड ओसरली की आम्ही चार दिवस अक्कांकडे जातो, आणि त्या निमित्ताने आसपासच्या चार-पाच कुटुंबांसाठी त्यांच्या अंगणात मिस्सा होते.

माळ्याचा विषय काढला तो अक्कांच्या नातवाने. शाळेच्या ग्रंथालयातील एका पुस्तकात त्याने झाडावरच्या घराचे चित्र पाहिले होते. लाल छपराचे, खिडक्या-पडद्यांचे, दोरीची शिडी लोंबणारे. परसात भलाथोरला लिंब आहे. (इकडे कडुनिंबाला लिंबच म्हणतात, खायच्या लिंबाला लिंबू.) त्या झाडावर असे घर करून द्या, असा हट्ट त्याने आजोबांकडे, म्हणजे आमच्या दाजींकडे धरला. दाजींनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “हे तर माळाच हाय की! पडदे लावलेला.”

आम्हांला हसू आले. पण आमचा भाचा हसला नाही. तो शिक्षक आहे, अबोल आहे, आणि वडिलांना उलटून बोलणे त्याच्या स्वभावात नाही. त्या रात्री मुलगा झोपल्यावर तो एवढेच म्हणाला, “अण्णा, लेकराला घर पाहिजे तर सुताराकडून करून घेऊ. माळा कशाला? जागल आणि सालगडी, ते सगळं आता संपलं. त्याच्या कानावर ते पडायलाच पाहिजे असं नाही.” दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला जुना दोर ओढून घेतला आणि त्याचा सुटलेला पीळ ते बोटांनी नीट करू लागले. अक्का उठून आत गेल्या.

वाचकहो, या शब्दांमागे जे होते ते सांगितल्याविना पुढे जाता येणार नाही. दाजींचे वडील सालगडी होते. पाडव्याला करार करायचा आणि पुढल्या पाडव्यापर्यंत मालकाच्या शेतात, गोठ्यात, वाड्यावर पडेल ते काम करायचे, अशी ही चाकरी. वडील सालगडी असले की लेकरेही पाठोपाठ कामाला लागत. दाजी सात-आठ वर्षांचे असताना जोंधळा निसवू लागला की त्यांची रवानगी माळ्यावर होई. पहाटे तांबडे फुटण्याआधी चढायचे, कारण पाखरांची पहिली धाड उजाडतानाच पडते. चिमण्या, सुगरणी, राघू ही नेहमीची मंडळी. पण खरी धास्ती भोरड्यांची. गुलाबी पाठीचे आणि काळ्या डोक्याचे हे पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून हजारो मैलांचा प्रवास करून आपल्याकडे येतात. त्यांचा थवा शेतावर उतरला की ढगाची सावली पडल्यासारखे वाटते, आणि उठतो तेव्हा कणसे रिकामी झालेली असतात. गोफणीत मातीचा गोळा घालून गरगर फिरवायची, एक टोक सोडायचे, आणि त्याच क्षणी हाळी द्यायची. दिवसभर ऊन आणि रात्री थंडी. बदल्यात दोन वेळची भाकरी आणि सुगीला चार पायल्या दाणे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. दाजी तेव्हा पंधरा वर्षांचे होते. “त्या साली माळा उभाच केला न्हाई,” असे ते एकदा आमच्याशी बोलले होते. “राखायला हवं होतं काय?” माळ्याऐवजी ते खडी फोडायला गेले. रोजगार हमीची कामे महाराष्ट्रात त्याच वर्षी सुरू झाली. कामावर सुकडी वाटली जाई. तिची चव आपल्या समाजातील वयस्कांच्या जिभेवर अजून असेल. त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे त्याच विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे टपोऱ्या दाण्याचे रब्बी ज्वारीचे वाण शेतकऱ्याच्या हाती दिले. पण ते पुष्कळ नंतरचे. दाजी पुढे गवंड्याच्या हाताखाली लागले, स्वतः गवंडी झाले, मुलांना शिकवले, आणि हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले.

म्हणून भाच्याचे बोलणे आम्ही कृतघ्नतेचे मानले नाही. गावोगावच्या आपल्या कुटुंबांतून आम्ही ही गोष्ट पाहत आलो आहोत. ज्यांच्या बापजाद्यांना नावाने नव्हे तर कामाने हाक मारली गेली, त्यांची शिकलेली मुले त्या कामाचा उच्चारही घरात होऊ देत नाहीत. ती लाज वडिलांची नसते. वडिलांना जे सोसावे लागले त्याची असते. ती जखमेवरची खपली आहे, आणि खपली घाईने काढू नये हे प्रत्येक आईला ठाऊक असते. परंतु दुसऱ्या बाजूला दाजींचेही वय आता सत्तरीकडे झुकले आहे. त्यांच्या हातांत जी विद्या आहे ती घेणारे कोणी उरले नाही. आपल्या बालपणाचा सगळा काळ मुलाच्या दृष्टीने झाकून ठेवण्याजोगा आहे, हे बापाने किती दिवस ऐकून घ्यावे? आम्ही त्या रात्री कोणाचीच बाजू घेतली नाही. दोघेही आपापल्या परीने त्या मुलाचे भलेच पाहत होते.

सकाळी उठून पाहतो तो दाजी लिंबाखाली उभे. हाताने खोड थोपटीत ते एकेका फांदीकडे वर पाहत होते. शेजारचे मिस्त्रीचाचा, ज्यांचा पिढीजात धंदा सुतारकीचा, तेही तिथे येऊन पोचले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक स्नेही सायकलला बांबू बांधून आले. गल्लीतली आठ-दहा मुले तर न बोलावताच जमली होती, त्यांत एक मुलगी होती, तिने “मुलींना पण चढू देणार ना?” हे आधीच विचारून घेतले.

झाडावर घर करणे म्हणजे झाडाशी करार करणे होय, हे आम्हांला त्या तीन दिवसांत कळले. चाचांचे मत असे की दोन मोठे बोल्ट आरपार मारले की काम पक्के होईल. दाजींनी मान हलवली. “झाडाला खिळा न्हाई. ते जित्तं हाय.” त्यांचे म्हणणे केवळ भावनेचे नव्हते. झाडाचे अन्न सालीलगतच्या थरातून खाली उतरते. तिथे भोक पाडले तर जखम होते. आणि घट्ट दोर बांधून वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर त्याहून वाईट होते, कारण खोड जाड होत जाते, दोर सालीत रुतत जातो आणि फांदीचा गळा आवळला जातो. म्हणून झाडावर फक्त टेकायचे, बांधायचे ते जमिनीत रोवलेल्या मेढींना, आणि जिथे दोर फांदीभोवती जाईल तिथे खाली पोत्याचा तुकडा घालून बोटभर ढील ठेवायची. दरवर्षी पावसाळ्याआधी दोर सोडून पुन्हा बांधायचा.

जमिनीपासून आठ फुटांवर खोडाला तीन फांद्या फुटल्या आहेत. तिसरी शेजारच्या पत्र्यांवर झुकलेली, तिला वगळले. उरलेल्या दोन फांद्यांच्या बेचक्यांत मागची बाजू टेकवायची आणि पुढच्या बाजूला बाभळीच्या दोन मेढी रोवायच्या असे ठरले. मेढींची बुडे विस्तवावर काळी होईपर्यंत भाजली, म्हणजे त्यांना वाळवी लवकर लागत नाही. दोन हात खोल खड्डे, त्यात मेढी, भोवती दगड आणि मुरूम. मुलांनी नाचून नाचून तो मुरूम धुमसला. मग आडवी लाकडे आली. इथे चाचा आणि दाजी यांच्यात पुन्हा वाद झाला, आणि या वेळी चाचांचे म्हणणे खरे ठरले. वाऱ्यात झाड हलते, मेढी हलत नाहीत; दोन्हीकडे आवळून बांधले तर वादळात काहीतरी तुटणारच. तेव्हा लाकडे मेढींना घट्ट बांधावीत आणि झाडाच्या बाजूला बेचक्यात नुसती टेकवून सरकायला वाव ठेवावा, असे चाचांनी सुचवले. दाजींनी क्षणभर विचार केला आणि ‘बराबर’ म्हणून मोकळे झाले. वर बांबूंचा थर, त्यावर अक्कांच्या जुन्या घराच्या दाराच्या फळ्या, तिन्ही बाजूंनी मुलांच्या छातीपर्यंत येणारा कठडा, आणि छपरासाठी तुराट्या. पोराचा पाय घसरलाच तर म्हणून खाली वाळूचा जाड थर टाकला.

अडचण आली ती बांधणीच्या वेळी. दाजींच्या गुडघ्यांना निसणी झेपेना. चाचांची नजर अधू. रेल्वेवाल्या स्नेह्यांना उंचीवर गरगरते. आणि आमच्याविषयी तर विचारूच नये, सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले, गाठी मारायला शिकवले नाही. भाचा दोन दिवस ओसरीवर वह्या तपासत बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला, चपला काढल्या आणि काही न बोलता वर चढला. खालून दाजी सांगत होते, “आधी खालून घे. आता फांदीवरून. न्हाई, उलटा. आता काडी घाल अन् पीळ दे.” वरून उत्तर येत नव्हते, पण गाठ बसत होती. एक गाठ त्याने तीनदा सोडून चौथ्यांदा बांधली. दाजी आम्हांकडे वळून हळूच म्हणाले, “हात माझाच हाय त्याचा.”

रात्री माळ्यावर गव्हाची दोन पोती ठेवून परीक्षा घेतली. सकाळी सर्व जागच्या जागी होते.

माणूस झाडावर का चढतो? घरी परतल्यावर आम्ही या प्रश्नाचा थोडा विचार केला. राखणीसाठी चढतो, हे सर्वांत जुने उत्तर. केरळातील वायनाडच्या रानात आदिवासी बांधव ‘एरुमाडम’ नावाची झाडावरची खोपटी करून हत्तींपासून पीक राखीत आले. यशया प्रवाद्याने उजाड झालेल्या नगरीला उपमा दिली ती काकडीच्या मळ्यातील राखणदाराच्या खोपीची. ज्याने तशी खोपी हंगामानंतर ओकीबोकी पाहिली आहे त्याला त्या उपमेतले एकाकीपण समजावून सांगावे लागत नाही. माणूस खेळासाठीही चढतो. पॅरिसजवळच्या एका गावात १८४८ मध्ये चेस्टनटच्या झाडावर उपाहारगृह निघाले आणि शहरातले लोक तिथे झुंडीने जेवायला जाऊ लागले. पाहण्यासाठी चढतो, जक्कय चढला तो उंबराच्याच कुळातल्या झाडावर. आणि प्रार्थनेसाठीही चढतो. नॉर्मंडीतील अलुव्हिल येथील प्रचंड ओकच्या पोकळ खोडात १६९६ मध्ये पवित्र मरियेचे चॅपेल करण्यात आले, आणि त्याच्या वर एका तपस्व्याची खोली.

पण आम्हांला सर्वांत जवळचा वाटला तो संत अंतोनी. १२३१ च्या उपवासकाळात पदुआ नगरीत अखंड प्रवचने करून हा महापुरुष थकला आणि कांपोसांपिएरो येथे विश्रांतीला गेला. तिथे रानात त्याला एक पसरलेले अक्रोडाचे झाड दिसले, आणि त्यावर आपल्याला कुटी असावी अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. तिथल्या तीसो नावाच्या उमरावाने ती कुटी नोकरांकडून नव्हे तर स्वतःच्या हातांनी बांधली असे त्याच्या जुन्या चरित्रात आले आहे. सोबतच्या दोघा बंधूंसाठीही त्याने तशाच कुट्या करून दिल्या. त्याच वर्षी १३ जून रोजी संत अंतोनीने देह ठेवला. आपण त्याच्याकडे हरवलेल्या वस्तू मागतो. शेवटच्या दिवसांत तो स्वतः मागता झाला तो झाडावरच्या एका खोपीचा, आणि एका सरदाराने त्यासाठी आपले हात मळवले.

रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, अंगणात मिस्सा झाली. मोठी माणसे सतरंज्यांवर बसली आणि मुलांनी माळा गाठला. प्रवचनात आम्ही वर पाहून म्हटले, “जक्कयांनो, ख्रिस्तशरीर घ्यायला तरी खाली याल ना?” त्यावर वरून मोठा हशा आला, आणि त्या प्रवचनातले पुढचे काही कोणाच्या लक्षात राहिले असेल असे वाटत नाही.

त्या संध्याकाळची गोष्ट मात्र आमच्या लक्षात राहिली. मोठ्या मिनतवारीने, पुढून नातू आणि मागून भाचा असे आधार घेत, दाजी एकदाचे वर चढले. आम्ही खाली आगटीजवळ हुरडा चोळीत बसलो होतो. वरचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते. मुलाने विचारले, “आजोबा, तुम्ही अशा माळ्यावर काय करायचे?” क्षणभर शांतता पसरली. भाचा अजून निसणीच्या वरच्या पायरीवरच होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिले असावे. भाचा काही बोलला नाही, खालीही उतरला नाही. मग दाजी सांगू लागले. गोफण, भोरड्या, पहाटेचे दव, हाळी देऊन बसलेला घसा, सारे त्यांनी सांगितले. “मग भूक लागली की कणीस खायचे?” “राखणाऱ्यानं खाऊ नये, असं माझी माय सांगायची,” दाजी म्हणाले. “पर बांधाच्या कोपऱ्यातली पाखरं मी उडवत नसे. म्हटलं, तेवढं त्यांचं.” आणि सुगी सरल्यावर ती माय त्याच शेतात सरवा वेचायला येई, कापणीत गळून राहिलेली कणसे पदरात गोळा करी, त्यावर घराचे पंधरा दिवस निघत.

भाच्याने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. “माझी आजी सरवा वेचायची? हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“तू कधी इचारलं न्हाईस,” दाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता.

शेताच्या कोपऱ्यातले पीक कापू नये, पडलेली कणसे गरिबासाठी राहू द्यावीत, असा नियम इस्राएलच्या लोकांना घालून दिलेला होता, आणि त्या नियमाच्या आधारे रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. पुढे तिच्याच वंशात दावीद राजा जन्मला. आपल्या ग्रंथाने ती गोष्ट लपवली नाही. प्रभूच्या वंशावळीत सरवा वेचणारीचे नाव ठळकपणे लिहून ठेवले आहे. हे सारे आम्ही कित्येकदा प्रवचनातून सांगितले आहे. पण त्या संध्याकाळी ते सांगण्याची गरज नव्हती, आणि आम्ही सांगितले नाही. भाचा ते शेत कोणत्या शिवारात होते एवढेच विचारत राहिला, आणि दाजी हाताने दिशा दाखवत राहिले. सगळे मिटले असे आम्ही म्हणणार नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या साचले ते एका संध्याकाळी वाहून जात नसते.

आता शिवारात माळे का दिसत नाहीत याचे कारणही सांगायला हवे. सोयाबीन आणि कापूस यांनी जोंधळ्याची जागा घेतली. त्या पिकांना पाखरांची भीती नाही, म्हणून राखणीची गरज नाही. जिथे जोंधळा उरला आहे तिथे चमकत्या फिती आणि कर्णे पाखरे हाकतात. एखादे लेकरू शाळा सोडून माळ्यावर बसत नाही, ही देवाची कृपाच म्हणायची. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे पाप आमच्या हातून न घडो. परंतु कष्ट संपावेत आणि कष्टकऱ्यांची आठवण मात्र संपू नये, या दोन गोष्टी एकाच वेळी साधता येतात. दाजींच्या परसात त्या साधल्या. ज्या माळ्याने एका मुलाचे बालपण घेतले, तोच त्याच्या नातवाच्या बालपणाला मिळाला.

आपल्या कुटुंबांतूनही असे वृद्ध आहेत. कोणी मिठागरात राबले, कोणी रेतीच्या बोटीवर, कोणी दुसऱ्याच्या वाडीत पाणी शेंदले. त्यांच्याजवळ एखादी गाठ असते, एखादा पीळ असतो, जो दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. येत्या सुटीत मुलांच्या हाती दोर द्यावा आणि आजोबांना झाडाखाली खुर्ची टाकून बसवावे. झाड नसेल तर अंगण चालेल. अंगण नसेल तर ओटा. काय उभारले जाईल ते महत्त्वाचे नाही. उभारताना त्यांना प्रश्न विचारले जावेत, आणि उत्तर येईपर्यंत घरातल्या मोठ्यांनी निसणीवरच थांबावे, एवढेच आमचे मागणे आहे.